पहिली वीस मिनिटं

तूर डोक्याच्या वर गेली की वावरात दिशा राहत नाही.

*

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीकडे तोंड करून उभं राहिलं तर तारे दिसत नाहीत. भट्ट्यांचा तांबूस उजेड असतो. नवीन माणसाला वाटतं, उजाडायला लागलं.

*

निखिल लग्नाचा व्हिडिओ मंगलाष्टकांपासून कधीच सुरू करत नाही. नवरदेव घरात टोपी घालतो तिथून त्याचा कॅमेरा चालू. "अगोदरचं न्हाई घेतलं तर लोक म्हन्तात, अर्धंच लगीन दिलं."

*

सत्काराची शाल थंडीत कुणी पांघरल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

*

"नियम चार. सोबत उमेदवाराच्या एका जाहीर व्याख्यानाचं चित्रमुद्रण जोडावं. ते सुरुवातीपासून आणि काटछाट न केलेलं असावं. परीक्षक त्यातली पहिली वीस मिनिटं पाहतील."

*

दुर्गाबाईंचं म्हणणं असं की मुलीला एवढे तारे पाठ आहेत तर तिनं चार पत्रिका बघायला काय हरकत आहे. घरी बसून होणारं काम आहे.

*

आता सरळ सांगायचं तर दैवशालाला एक व्याख्यान द्यायचं होतं.

पुण्याची एक संस्था दर वर्षी एका वक्त्याला 'ध्रुव व्याख्याता' म्हणून निवडते. पदक असतं, पण पदकाचं कुणाला फार नाही. खरी गोष्ट व्याख्यान. ते निवडलेल्या माणसाच्याच जिल्ह्यात होतं, मोठ्या सभागृहात, बाहेरून आलेल्या अभ्यासकांसमोर, एक तास. त्यात दीपप्रज्वलन नाही, सत्कार नाही, वक्त्याच्या आधी कुणी बोलायचं नाही. दैवशालाला या शेवटच्या अटीचं सगळ्यात जास्त आकर्षण होतं.

आपलं नाव आपल्याला पाठवता येत नाही. जिल्ह्यातल्या मंडळानं पाठवायचं, वर्षाला एकच. ज्याचं नाव गेलं त्यानं पुण्याशी परस्पर बोलायचं नाही.

दैवशाला धावड्याची. जाफराबादच्या एका कॉलेजात तासावर पदार्थविज्ञान शिकवते, म्हणजे जितके तास तितकीच प्राध्यापक. उरलेल्या वेळात नभमित्र मंडळातर्फे गावोगाव आकाश दाखवते. मंडळाचे अध्यक्ष भालचंद्र सर, निवृत्त मुख्याध्यापक. दुर्बीण त्यांची, गाडी त्यांची, मंडळाचा शिक्का त्यांच्या कपाटात. दैवशालाच्या हातात पहिला माइक त्यांनीच दिला. हे त्यांनी सांगितलं नाही असं गाव जिल्ह्यात उरलेलं नाही.

त्या वर्षी मंडळानं तिचं नाव पाठवायचं ठरवलं. सरांनीच सुचवलं. हेही खरं आहे आणि ते इथे यायला हवं.

*

तिचं व्याख्यान एका प्रश्नाचं आहे. रात्री आकाश काळं का असतं?

सूर्य नसतो म्हणून, असं पोरं ओरडतात. ती म्हणते, थांबा. मी लहान असताना आमच्या वावरात तुरीत हरवले. जिकडं बघावं तिकडं तूर. दोन झाडांच्या मधून बघावं तर मागं तिसरं उभं. त्याच्या बाजूनं बघावं तर मागं चौथं. वावर मोठं असलं की फट राहतच नाही. आता वर बघा. तारे जर चहूकडं पेरलेत आणि त्या वावराला बांधच नाही, तर कुठंही बघितलं तरी नजर शेवटी एखाद्या ताऱ्यावर जाऊन आदळायला पाहिजे. सगळं आभाळ रात्रीसुद्धा सूर्यासारखं पेटलेलं पाहिजे. मग एवढा अंधार आला कुठून?

इथे ती थांबते. पाण्याचा घोट घेते, तहान नसताना. शाळेच्या पटांगणात मागे बायका बसलेल्या असतात, ज्या नातवाला घ्यायला आलेल्या असतात आणि काही ऐकत नसतात. त्या या थांबण्यात वर बघतात. तिनं पुष्कळ गावांत हे पाहिलं होतं. आपल्याला बोलता येतं असं तिला वाटायचं ते या थांबण्यामुळे.

मग उत्तर. विश्वाला वय आहे. उजेडाला यायला वेळ लागतो. लांबच्या ताऱ्यांचा उजेड निघालाय, आपल्यापर्यंत अजून आलेला नाही. काळं दिसतं ते म्हणजे न पोचलेला उजेड.

प्रश्न तिचा नाही. तो शेकडो वर्षांचा आहे, आणि पुस्तकांत त्याला जंगलाचा दाखला असतो. तूर तिची.

*

टेंभुर्णी. शाळेचं पटांगण, संध्याकाळ, फेब्रुवारी. चित्रमुद्रणासाठी हे गाव निवडलं कारण शाळा समितीचे कचरूभाऊ म्हणाले होते, माणूस कमी पडू देणार नाही. त्यांनी पडू दिला नाही.

वाऱ्यानं दिवा दोनदा विझला. स्वागतगीत झालं. सत्कार झाले. कचरूभाऊंनी व्यासपीठावरच्या सगळ्यांचा केला आणि मग पटांगणात उभ्या असलेल्या एकाला हाक मारून वर बोलावलं, कारण एक नारळ उरला होता.

"घ्या, सोमेश्वरराव. तुमचं काय काम हाय तसं न्हाई, पन नारळ वापस कशाला न्यायचा."

निखिल कॅमेऱ्यामागे, कपाळावर रुमाल बांधून. दैवशाला खुर्चीत, मांडीवर शाल आणि शालीवर नारळ.

मग भालचंद्र सर प्रास्ताविकाला उठले.

सर वाईट बोलतात असं कुणीही म्हणणार नाही. चाळीस वर्षं परिपाठाला मुलं उन्हात उभी करून त्यांना हसवलेला माणूस. आवाज भरदार, मधूनमधून डोळे मिटण्याची सवय. त्यांनी मंडळाचा इतिहास सांगितला, थोडक्यात. दुर्बीण कुठून आणली, थोडक्यात. मग म्हणाले, "आज दैवशालाताई आपल्याला एक विलक्षण गोष्ट सांगणार आहेत. त्या विस्तारानं सांगतीलच. मी आपलं थोडक्यात."

आणि तूर सुरू झाली.

त्यांनी ते व्याख्यान निदान वीस गावांत, पहिल्या खुर्चीत बसून ऐकलं होतं. त्यांना ते पूर्ण येत होतं. दोन झाडांची फट, तिसरं झाड, चौथं झाड. नजर आदळते. आभाळ पेटलेलं पाहिजे. मग सर थांबले. डोळे मिटले. मागच्या बायकांनी वर बघितलं.

दैवशालानं ते पाहिलं.

मग सरांनी उत्तरही दिलं, कारण उत्तराशिवाय प्रश्न सोडणं त्यांच्या शिक्षकी स्वभावात बसत नव्हतं. टाळ्या पडल्या. सर म्हणाले की आता मी तुमच्या आणि वक्त्यांच्या मध्ये उभा राहत नाही. पुन्हा टाळ्या.

ती उठली. पदर नीट केला. ग्लास सरकवला. "सरांनी सांगितलंच आहे," ती म्हणाली, आणि याच्या पुढे काय म्हणायचं ते तिला येईना. दुसरा विषय काढावा तर चित्रमुद्रण या विषयाचं. तिनं तूरच धरली.

"मी लहान असताना आमच्या वावरात..."

"झालं की ते, ताई," पुढच्या रांगेतून एकजण चांगुलपणानं म्हणाला. "त्यांनी सांगितलं ना बराबर. तूर, मागं तूर, मागं तूर."

पटांगण हसलं. ती पण हसली. एवढ्यात चहा आला.

*

"निखिल, सरांचं काढ. माझ्यापासून चालू कर."

"ताई, काटछाट चालत न्हाई, लिव्हलंय तसं."

"दिवा काढलास की. सत्कार काढलास. पोरींचं गाणं काढलंस."

"ते सरांनीच काढायला लावलं. म्हन्ले, तो काही विषय नव्हे. विषयाला हात घातला तिथून घे." निखिलनं मान खाजवली. "आन् विषयाला हात त्यांनीच घातल्ता. खोटं काय हाय."

ती सरांकडे गेली. सर अंगणात दुर्बिणीचं भिंग पुसत होते.

"सर, नियमात सुरुवात म्हणजे वक्त्याची सुरुवात असणार."

"अगं, वक्ता काय आभाळातून पडतो? प्रास्ताविक, मग वक्ता. ही आपली पद्धत आहे. पुण्याच्या लोकांना पण कळू दे की जालन्यात कार्यक्रम कसा होतो." भिंगावर त्यांनी हलकी फुंकर मारली. "आणि मी तुझी स्तुतीच केली आहे त्यात. तुझ्या फायद्याचं आहे ते."

पुण्याला एक फोन केला असता तर उलगडलं असतं. पण उमेदवारानं फोन करायचा नव्हता. सर करू शकत होते, आणि सरांना त्यात विचारण्यासारखं काही दिसत नव्हतं.

*

परीक्षकांनी दैवशालाला पाहिलं ते असं: एक बाई खुर्चीतून उठते, पदर नीट करते, ग्लास सरकवते आणि म्हणते, सरांनी सांगितलंच आहे.

वीस मिनिटं संपली.

*

अभिप्राय मेमध्ये आला. सरांनी तो मंडळाच्या ग्रुपवर जसाच्या तसा टाकला, कारण त्यांच्या मते पारदर्शकता असावी.

"मूळ उमेदवारांविषयी मत बनवण्याइतकं हाती लागलं नाही, विषय आधीच्या वक्त्यांनी पूर्ण मांडल्याचं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. प्रास्ताविक करणाऱ्या ज्येष्ठांची मांडणी मात्र असाधारण आहे. तुरीचा दाखला अस्सल मातीतला, आणि प्रश्नानंतरचा विराम दीर्घ साधनेतूनच येतो. पुढील वर्षी मंडळानं त्यांच्या नावाचा अवश्य विचार करावा."

खाली:

निखिल: सर अभिनंदन 🙏🙏

अर्पिता: Wow sir!! आम्हाला माहीतच होतं

कचरूभाऊ टेंभुर्णी: आमच्या गावचा कार्यक्रम लकी ठरला

निखिल: दैवशालाताई पुढच्या टायमाला नक्की

भालचंद्र सर: मी कोण. मंडळाचं यश. दैवशालाचाही यात वाटा आहे.

दैवशाला: 🙏

*

(तो हात जोडलेला निरोप टाकायला तिला दुपार गेली. आधी तिनं लिहिलं, तूर माझी आहे. पुसलं. विराम माझा आहे, लिहिलं. हे वाचून तिला स्वतःलाच हसू आलं. गप्प बसलेली जागा माझी आहे म्हणून कुणाशी भांडायचं कसं?)

*

पुढच्या वर्षीची बैठक सरांच्याच घरी, कारण बैठका तिथेच होतात. सरांचं नाव एकमतानं. दैवशालाचाही हात वर होता. सगळे गेल्यावर सर म्हणाले, "दैवशाला, थांब. एक काम आहे."

नामांकनासोबत एक शिफारस लागत होती, उमेदवाराचं व्याख्यान अनेकदा ऐकलेल्या माणसाची.

"तुझ्याइतकं मला कुणी ऐकलंय?" सर म्हणाले.

"सर, मी तुमचं प्रास्ताविक ऐकलंय."

"तेच ते."

ताराकाकू पोहे घेऊन आल्या. सरांच्या पत्नी, नगरपालिकेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. बशा ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "काय मागताय तिच्याकडं?"

"शिफारस. तुरीच्या व्याख्यानाची."

"तुम्ही तुरीच्या वावरात कधी गेला होतात हो? लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मला तर कधी नेलं नाही."

"तारा, तो दृष्टांत आहे."

"हो, पण कुणाचा आहे?"

"दृष्टांत कुणाचा नसतो. विज्ञानात माझं-तुझं नसतं."

"मग नाव कशाला पाठवताय? बिननावाचं पाठवा." काकूंनी दैवशालाकडे बघितलं. "तू खा गं. यांना आयुष्यभर सवय आहे. पंगतीत शेजारच्याच्या ताटातली चटणी आधी चाखून सांगायची, तिखट आहे, जपून."

सर हसले. त्यांना ही थट्टा आवडायची. त्यांनी ती कार्यक्रमांतही सांगितली होती.

"पुढच्या वर्षी तुझं नाव," ते म्हणाले. "माझा शब्द."

"सर, एका जिल्ह्याला मिळालं की पाच वर्षं त्या जिल्ह्याचं नाव घेत नाहीत. नियम नऊ."

"असं आहे होय?" सरांना खरंच माहीत नव्हतं. दैवशालाला वाटलं, आता म्हणतील, मग या वर्षी तुझंच जाऊ दे. त्यांनी लिंबू पिळलं. "पाच वर्षं काय, अशी जातात. तू तरुण आहेस."

नाही म्हणता आलं असतं. काकूंनी तर दार उघडून ठेवलं होतं. पण ज्यानं पहिला माइक दिला त्याला नाही कसं म्हणायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आणि दुसरं असं की तिला वाटलं, आपण नाही तर नाही, निदान तूर तरी त्या सभागृहात जाईल. वाहून गेलेल्या बांधाची माती शेजारच्या वावरात तरी पडते, तसं.

तरी तिनं लिहिताना एक वाक्य टाकलं. साफ, सरळ, एकच अर्थ निघेल असं.

"या व्याख्यानातला तुरीच्या शेताचा दाखला मूळ माझा असून सरांनी तो माझ्या व्याख्यानातून घेतला आहे."

सरांनी कागद वाचला. त्या वाक्याशी थांबले. चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून आले.

"केवढं मोठं मन आहे तुझं," ते म्हणाले. "हे असू दे. हे वाक्य राहिलंच पाहिजे."

*

पुण्याहून छापून आलेली निमंत्रणपत्रिका, चौथी ओळ:

"आपल्या विद्यार्थिनींकडूनही शिकण्याची दुर्मीळ नम्रता त्यांच्या ठायी आहे."

ती त्यांची विद्यार्थिनी कधी नव्हती. धावड्याच्या शाळेत सर नव्हते.

*

व्याख्यान डिसेंबरात झालं, जालन्यात, नव्या सभागृहात. पुण्याची माणसं वेळेच्या आधी आली. संस्थेच्या चिटणीस बाईंनी व्यासपीठावरच्या खुर्च्या काढायला लावल्या. कचरूभाऊ टेंभुर्णीहून शाली घेऊन आले होते. त्यांना पिशवी खुर्चीखाली ठेवायला सांगितलं.

"मंग सुरुवात कशी कळंल लोकाला?" त्यांनी विचारलं.

"वक्ते बोलायला लागले की," बाई म्हणाल्या.

दैवशालाची आई, दुर्गाबाई, धावड्याहून एसटीनं आल्या होत्या. त्यांना दैवशालानं सरांचं व्याख्यान आहे एवढंच सांगितलं होतं. तिसऱ्या रांगेत दोघी बसल्या. शेजारी ताराकाकू.

बरोबर सहाला दिवे मंद झाले आणि भालचंद्र सर रिकाम्या मंचावर आले. माइकपाशी उभे राहिले. उजवीकडे बघितलं, जिथे नेहमी पाहुणे बसतात. तिथे कुणी नव्हतं. कुणाला उद्देशून 'सन्माननीय' म्हणायचं ते त्यांना क्षणभर कळलं नाही. मग त्यांनी मंडळाचा इतिहास धरला, थोडक्यात. दुर्बीण, थोडक्यात.

"एक लहान मूल," सर म्हणाले, "तुरीच्या शेतात हरवलं. ते मूल म्हणजे आपण सगळे."

दुर्गाबाई दैवशालाच्या कानाशी आल्या. "तू हारपल्तीस तव्हाचं सांगून राह्यला का हा?"

"माय, हळू."

"म्या रात्र होईस्तोवर धुंडलं तुला. आपन सगळे कुठं व्हतो तिथं?"

ताराकाकू तोंडावर पदर धरून हसत होत्या, किंवा हसत नव्हत्या.

मंचावर फट भरत गेली. तिसरं झाड, चौथं झाड. आभाळ पेटलं. सर थांबले, डोळे मिटले. अंधाऱ्या सभागृहात कुणी खोकलं नाही. विराम चांगला होता. दैवशालाचा असायचा त्याहून जरा लांब, आणि चांगला.

उत्तर आलं. विश्वाचं वय, उजेडाची वाट. टाळ्या. सरांचा चेहरा सैल झाला, काम उरकल्यासारखा. त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही; त्यांना कधी बघावं लागत नसे. आवाज खाली आणत, हात पुढे करत ते म्हणाले,

"यापुढचं सविस्तर विवेचन आपल्या प्रमुख वक्त्या दैवशालाताई करतील. मी आपली रजा घेतो."

आणि वळले. खुर्चीकडे. मंचावर खुर्ची नव्हती.

तासातला मोठा भाग अजून बाकी होता.

सभागृहात कुणाला काही समजलं नाही. दैवशाला उठली. विचार करून नाही. इतकी वर्षं त्या वाक्यावर ती उठत आली होती. पण उठल्यावर मात्र तिला सगळं एकदम समोर दिसलं. माइक मोकळा होता. समोर बाहेरून आलेली माणसं होती. आणि तिच्याकडे सांगायला होतं, कारण टेंभुर्णीनंतर ज्या गावी जाईल तिथे सरांनी आधीच सगळं सांगून टाकलेलं असायचं, त्यामुळे तिला तुरीच्या पुढचं शोधावं लागलं होतं. तो न पोचलेला उजेड पोचेल तेव्हा कसा असेल, मधल्या काळात ते तारे विझले असतील का, विझलेल्या वावराचा उजेड आपण किती दिवस बघत राहू. हे तिनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. सरांनाही नाही.

ती रांगेतून बाहेर आली. मंचाच्या पायऱ्यांपाशी चिटणीस बाईंनी तिच्या दंडाला हात लावला, अगदी हळू.

"ताई, प्रश्नोत्तरं नंतर आहेत. आपण प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्याल का?"

"मला बोलावलं त्यांनी."

"हो, ऐकलं ना. किती छान उल्लेख केला. आपण बसा."

तेवढ्यात सर माइकशी परत आले होते. कपाळ चमकत होतं. "तर अशी ही आमची दैवशाला," ते म्हणाले, आणि हात तिच्या दिशेला केला. "उभी आहे बघा. हिच्या हातात पहिला माइक मी दिला."

टाळ्या कडाडल्या. रांगेमागून रांग वळून तिच्याकडे बघू लागली. चिटणीस बाईही टाळ्या वाजवत होत्या, म्हणजे दंडावरचा हात निघाला होता. पायऱ्या तीनच होत्या. वर सर तिच्याकडे बघत होते. तो चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता. पाठांतर विसरलेल्या मुलाचा असतो तसा. ये, असं त्यात होतं. येऊ नको, असंही होतं.

तिनं हात जोडले. टाळ्यांसाठी जोडतात तसे. आणि परत जागेवर गेली.

उरलेला वेळ सरांनी आभारांत काढला. गावोगावच्या शाळा समित्यांचे, बैलगाडीतून दुर्बीण नेणाऱ्यांचे, ज्यांनी विजेची तार दिली त्यांचे. नावं घेतली, गावं घेतली. अंतरवाली सराटीच्या चहावाल्याचंसुद्धा नाव घेतलं. लोक उठून उभे राहिले. पुण्याच्या एका वयस्कर गृहस्थांनी बाजूच्याला सांगितलं की इतकं निगर्वी व्याख्यान ऐकलं नाही; अर्धा वेळ माणूस दुसऱ्यांबद्दलच बोलत होता.

कचरूभाऊंना राहवलं नाही. त्यांनी खुर्चीखालून पिशवी काढली.

*

"काय म्हन्ली ती बाई तुला?" बाहेर दुर्गाबाईंनी विचारलं.

"बसा म्हन्ली."

"आन् तो तर ये म्हन्ला."

"हो."

"मंग बसलीस कामून?"

एसटीला अजून वेळ होता. दैवशालानं चपलेचा पट्टा उगाच सोडून पुन्हा बांधला. पायऱ्यांवर ताराकाकू नवऱ्याची वाट बघत उभ्या होत्या. अंगावर त्यांनी कुणाच्या तरी सत्काराची शाल घेतली होती, कारण थंडी होती.

*

टेंभुर्णीला जाताना, गाडीत, भालचंद्र सरांनी विचारलं होतं की घसा जरा बसलाय, आज प्रास्ताविक राहू दिलं तर चालेल का. दैवशाला म्हणाली होती, छे सर, तुमच्याशिवाय सुरुवात कशी होईल.